दहा फुटांचा निरोप

सत्यवेणी आमच्या माडीवर राहायला आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की ही मुलगी बसत नाही. पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा, वाढून दिला की ताटली हातात घेऊन जिन्यातच उभ्यानं खायची. फोनवर बोलताना गच्चीच्या या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत येरझारा. मी एकदा म्हटलं, "वेणी, पायांना भिंगरी लावलीय का गं?"

ती म्हणाली, "लंकेत वाढलेय पिन्नी. तिथं जमीनसुद्धा एका जागी बसत नाही, मी कुठून बसू?"

पिन्नी म्हणजे मावशी, मला ती तसंच म्हणायची. आणि ते खोटं नव्हतं. राजमहेंद्रीच्या खाली गोदावरीला फाटे फुटतात, त्या फाट्यांमधल्या बेटांना इथं लंका म्हणतात. वेणीची बूरुगुलंका त्यातलीच एक. नदी दर वर्षी तिचा एक काठ खाते आणि दुसरीकडे गाळ आणून टाकते. वेणीच्या वडिलांची, गुत्तुल अब्बुलुची, केळीची बाग तिच्या लहानपणी नदीपासून लांब होती, ती आता पाण्याला टेकली आहे.

मी मूळची नांदेडची. यजमान इथले, रेल्वेतले. त्यांच्यामागून आले आणि तेलुगू शाळेत गणित शिकवत इथलीच होऊन गेले. आले तेव्हा कोनसीमेकडची, म्हणजे या फाट्यांमधल्या मुलखातली माणसं बोलता बोलता 'आय, आय' म्हणत, तेव्हा मला वाटायचं, सगळे आपापल्या आईला हाका मारतायत. मोठ्यांना मान देऊन 'हो' म्हणायची ती पद्धत आहे, हे कळायला बरेच दिवस गेले. वेणीच्या तोंडी तो 'आय' सारखा असायचा.

ती शाळेला नावेनं गेली, कॉलेजला अमलापुरला गेली. बरोबरच्या मुली हैदराबादला गेल्या, ही गेली नाही. राजमहेंद्रीत एक छोटी कंपनी होती, सरकारच्या एका खात्यासाठी पुराचे निरोप लोकांच्या फोनवर पाठवायची. तिथं ही चिकटली. ती शाळेत असताना एक मोठा पूर आला होता. तेव्हा कुणी काही कळवलं नाही, पाणीच निरोप घेऊन आलं. मायलेकी शाळेच्या छपरावर बसून राहिल्या. त्याच वर्षी आई तापानं गेली. पुरामुळं गेली, असं वेणी कधी म्हणाली नाही. पण हैदराबाद का नको, असं विचारलं की ती विषय बदलायची.

तिच्या आधी कंपनीचे निरोप सरकारी तेलुगूत जायचे. विसर्ग किती, जलस्तर किती. लंकेतल्या माणसाला त्यातलं काही कळायचं नाही. वेणीनं ते वाक्य मोडून नवं केलं: बंधाऱ्यावर पाणी इतके फूट, तुमच्या गावाला अमुक वेळेला पोहोचेल. एवढंच.

मला तिनं ते कसं चालतं तेही दाखवलं होतं, मी गणिताची म्हणून. "वाक्य एकदाच लिहायचं पिन्नी. आकडा यायचा तिथं महिरपी कंस घालायचा. प्रोग्रॅम नदीवरच्या यंत्राकडून आकडा आणतो, गावाच्या अंतरावरून वेळ काढतो आणि कंसात भरतो. बूरुगुलंकेला बूरुगुलंकेची वेळ, दुसऱ्या लंकेला तिची."

"म्हणजे गाळलेल्या जागा भरा."

"आय. फक्त भरायच्या कधी, ते बरोबर पाहिजे."

हे ती सहज बोलली होती.

अब्बुलुला अक्षर लावून लावून वाचता यायचं. पावसाळा लागला, की फोन घेऊन तो पंडुच्या चहाच्या टपरीवर बसायचा आणि निरोप मोठ्यानं वाचायचा. गोदावरीला ही माणसं गोदारी म्हणतात. "माझी पोरगी गोदारीला बोलायला लावते," असं तो सांगायचा. पंडु म्हणायचा, "मग पोरीला सांगून तिला जरा पलीकडनं वाहायला सांग ना. केळी तरी वाचतील तुझी." असं दोन पावसाळे चाललं. निरोप खरे ठरत गेले, आणि हळूहळू लंकेतली माणसं स्वतः काठावर जाऊन बघायची बंद झाली. अब्बुलु काय वाचतो त्यावर गुरं हलवायची की नाही, ते ठरू लागलं.

त्या उन्हाळ्यात वेणीनं प्रोग्रॅमची साफसफाई केली. आधी तो तासातासाला नव्यानं सुरू व्हायचा आणि निरोपांना उशीर व्हायचा. मूर्तिराजू, म्हणजे तिचे साहेब, म्हणाले, तो पहाटे एकदा सुरू करून दिवसभर चालूच ठेवता येईल का बघ. तिनं ते केलं. त्याच हातासरशी वाक्य लिहायची जुनी पद्धत काढून नवी, सुटसुटीत घातली. जुन्या पद्धतीत वाक्य कंसांसकट रिकामं राहायचं आणि पाठवायच्या क्षणी भरलं जायचं. नव्या पद्धतीत वाक्याच्या आधी एक छोटं अक्षर लावलं, की कंस तिथल्या तिथं भरतात. वाक्य होतं प्रोग्रॅमच्या अगदी वर, सुरुवातीला. म्हणजे प्रोग्रॅम उठला त्या क्षणी नदीचा जो आकडा असेल, तो वाक्यात बसला, आणि पुढं कितीही तास तोच राहिला. उन्हाळ्यात नदी हलत नव्हती, तपासताना सगळं बरोबरच दिसलं.

ऑगस्टमध्ये वर भद्राचलमला पाणी चढल्याची बातमी आली. त्या दिवशी वेणी न खाताच गेली. ऑफिस आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून दुपारी मीच डबा घेऊन गेले. फणसाची भाजी केली होती, तिच्या आवडीची.

ती उभीच होती. एका पडद्यावर नदीची पातळी, दुसऱ्यावर निरोपांची यादी. कुठल्याशा गावांत फोनला रेंज नव्हती, निरोप पोहोचत नव्हते, सकाळपासून ती त्याच्याच मागं होती. मी डबा उघडत होते तेवढ्यात अब्बुलुचा फोन आला. हात कामात होते म्हणून तिनं तो स्पीकरवर टाकला.

"तल्ली, पोरी, जेवलीस का?"

"जेवते नान्ना. तुम्ही आवरलं का? म्हशी हलवल्या?"

"कशाला हलवू? सकाळी दहा फूट होती, आत्ता वाचलं तरी दहाच फूट. गोदारी दमली यंदा. पंडु म्हणतोय, तुझ्या पोरीनं तिला बसवलीय."

वेणी थांबली. तिनं पातळीच्या पडद्याकडे पाहिलं. तिथं तेरा होते, आणि आकडा चढता होता.

"नान्ना, आत्ताच निरोप परत वाचा. अक्षर न् अक्षर."

त्यानं वाचला. दहा फूट. सकाळचीच वेळ.

"नान्ना, ते चूक आहे. पाणी तेरावर आहे. म्हशी सोडा, माणसं काढा."

"आं? मग हा निरोप कुणाचा?"

"माझाच आहे. चुकीचा आहे. मी लगेच दुसरा पाठवते." तिनं फोन ठेवला. प्रोग्रॅमची वरची ओळ तिनं पडद्यावर आणली आणि मला असं नाही, कुणालाच असं नाही, स्वतःशीच म्हणाली, "गेला की नाही, एवढंच बघत होते मी. काय गेलं, ते बघितलंच नाही."

दुरुस्ती व्हायला वेळ लागला नाही. वाक्य वरून उचलून खाली, पाठवायच्या जागी नेलं, झालं. खरं भांडण त्यानंतर झालं. तिनं एक वेगळा निरोप लिहिला आणि मूर्तिराजूंना दाखवला. 'सकाळपासून आम्ही पाठवलेले दहा फुटांचे निरोप चुकीचे होते. चूक आमची आहे. पाणी तेरा फुटांवर आहे आणि चढतंय. संध्याकाळपर्यंत घरात शिरेल. आत्ताच निघा.'

मूर्तिराजू भीमवरमकडचे, कधी आवाज न चढवणारे. त्यांनी तो दोनदा वाचला. "पहिल्या दोन ओळी काढ. नवा आकडा जाऊ दे, तेवढं पुरे."

"नाही पुरायचं राजूगारू. एका तासात नदी तीन फूट कशी चढेल? लोक म्हणतील हाच आकडा चुकलाय. सकाळचे खोटे होते, हे सांगितल्याशिवाय कुणी हलणार नाही."

"आणि सांगितल्यावर हलतील? ज्यानं सकाळपासून खोटं सांगितलं, त्याचं दुपारी का ऐकायचं? आणि असं एकदम घाबरवलंस तर एकाच नावेत चढतील सगळे. बुडतील."

"घरात बसले तर बुडणार नाहीत?"

त्यांनी फोन हातात घेतला. मग म्हणाले, "वर विचारल्याशिवाय असलं लिहून देता येणार नाही, वेणी. माझ्या हातात नाही ते. विचारतो, थांब." आणि ते फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले.

वेणीनं माझ्याकडे पाहिलं. मला तिच्या त्या कामातलं काय कळणार होतं, आणि जे कळत होतं ते तिलाही कळत होतं. तिनं बटण दाबलं.

मूर्तिराजू आत आले, तेव्हा यादीत हिरव्या खुणा पडू लागल्या होत्या.

"पाठवलंस?"

"आय."

खुर्ची ओढून ते बसले, डोळे चोळले. मला वाटलं, आता हे तिला हाकलतील. पण त्यांनी फोन उचलला आणि तहसीलदारांच्या माणसाला लावला. "नावा किती आहेत तुमच्याकडे? सगळ्या काढा. हो, आमच्याकडून घोळ झालाय. ते नंतर बोलू, आधी नावा काढा."

लंकेवर काय झालं ते पुढं अब्बुलुनंच मला सांगितलं, आमच्या ओसरीवर चिरूट विझवत. पंडुच्या टपरीवर तो निरोप पोहोचला, तेव्हा माणसं हसली. एक म्हणाला, "काय रे अब्बुलु, गोदारी फिरली की पोरगी फिरली?" दुसरा म्हणाला, "सकाळचा खोटा तर हा कशावरून खरा?" वेणी फोनवर काय बोलली ते अब्बुलुनं आधीच सांगून पाहिलं होतं, तेही कुणी मानलं नव्हतं. तो उठून काठावर गेला, केळीच्या बागेतला एक टेकू उपटला आणि पाण्याच्या कडेला रोवला. चिरूट पेटवला. तो ओढून व्हायच्या आत टेकूचं बूड पाण्याखाली गेलं, आणि मागच्या रांगेतल्या केळींना लाल पाणी लागलं.

तो परत आला, पण टपरीवर थांबला नाही. घराघरात जाऊन सांगत सुटला, "माझ्या पोरीचा निरोप खोटा होता. पाणी खरं आहे. उठा."

वेणी ऑफिसात थांबू शकली नाही. दुरुस्त निरोप नीट जातायत हे बघून तिनं बस पकडली आणि लंकेसमोरच्या धक्क्यावर गेली. मीही गेले तिच्याबरोबर, एकटीला सोडवेना. धक्क्यावर गर्दी, चिखल, गाठोडी, कोंबड्या. नाव आली, की वेणी पुढं घुसायची, चेहरे बघायची आणि मागं यायची. बायका तिला ओळखत होत्या. एकीनं विचारलं, "तूच ना गं ती निरोपवाली?" वेणी म्हणाली, "आय." बाई गाठोडं उचलून तशीच पुढं गेली. तेच जास्त लागलं तिला.

उजेड जायच्या जरा आधी अब्बुलु आला. छातीपर्यंत भिजलेला, काखेत देवाचा फोटो आणि शेजारच्यांची भांडी.

"जेवलीस का?" त्यानं विचारलं.

"म्हशी?"

"दोर कापले. पोहतील."

"सगळे निघाले?"

"वीर्राजू म्हातारा नाही म्हणाला. छपरावर बसतो म्हणाला."

वेणी वळून परत नावेकडे निघाली. नावाड्यानं हात आडवा धरला. त्या प्रवाहात त्या दिवशी तो पुन्हा जाणार नव्हता. ती त्याच्याशी भांडली, मग वडिलांशी भांडली, मग चिखलात नुसतीच या टोकाकडून त्या टोकाकडे चालत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी वीर्राजूला काढलं. जिवंत होता, थंडीनं काकडलेला. त्याच्या शेळ्या मात्र सगळ्या गेल्या. बूरुगुलंकेत माणूस दगावला नाही. अब्बुलुच्या म्हशी दूर खालच्या गावात सापडल्या. रेडकू सापडलं नाही.

लंकेतल्या माणसांना ज्या शाळेत निवारा दिला होता, तिथं बापलेकीत फारसं बोलणं झालं नाही. एकदा वेणी म्हणाली, "नान्ना, ओरडा तरी मला."

"ओरडून काय, रेडकू परत येणार आहे?" तो म्हणाला. आणि पुढं म्हणाला, "दोन पावसाळे तुझ्या नावावर चहा प्यायलो मी तिथं. आता पंडुसमोर कुठल्या तोंडानं बसू, ते सांग."

ती उठून शाळेच्या आवारात चालू लागली.

पाणी ओसरल्यावर चौकशी झाली. खात्यानं कंपनीला झापलं, कंपनीनं वेणीला पुराच्या कामावरून काढून पाणीपट्टीच्या निरोपांवर बसवलं. 'आपली थकबाकी इतकी आहे.' तिथंही कंस, तिथंही आकडे. पण तिचा जीव त्यात लागेना. लंकेवर गेली, की पोरं ओरडायची, "दहाफुटी आली रे." बायकासुद्धा भाजी मोजताना म्हणायच्या, "बघ गं नीट, दहाफुटी नको करूस." ती हसायची. घरी आली, की गच्चीवर चालायची. खाली माझ्या डोक्यावर तिची पावलं वाजत राहायची, आणि मीही बेचैन व्हायचे.

त्या हिवाळ्यात तिनं, कुणी सांगितलेलं नसताना, वाक्य पुन्हा लिहायला घेतलं. आता त्यात आकडा कधी मोजला ते यायचं, आणि शेजारी मागचा आकडा. सगळ्यात जास्त डोकं तिनं लावलं ते यंत्राकडून आकडाच आला नाही तर काय, यावर. जुना प्रोग्रॅम अशा वेळी मागचाच आकडा लावायचा. तिचं म्हणणं, तसं नको. सरळ सांगायचं: 'आकडा आलेला नाही. स्वतः नदी बघा.'

रविवारी ती लंकांवर जाऊन हे वाक्य माणसांना वाचून दाखवू लागली. एकदा मीही होते. पंडु म्हणाला, "आकडा नाही तर निरोप कशाला? आमच्या फोनची वाट लावायला?"

दोघंचौघं हसले. वीर्राजू म्हातारा बाकड्याच्या कडेला बसला होता. तो म्हणाला, "मला त्या दिवशी कुणी 'माहीत नाही' म्हटलं असतं तर मी उठून बघितलं असतं. दहा फूट ऐकलं म्हणून अंथरुणावर पडून राहिलो."

पंडु चहाचे पेले विसळत राहिला.

मूर्तिराजूंनी पुढच्या पावसाळ्याआधी तिला परत तिच्या कामावर घेतलं. का घेतलं, असं वेणीनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "पाणीपट्टीचे निरोप तू फार कडक लिहितेस. लोक तक्रार करतात."

त्या जुलैत एकदा वरच्या यंत्राचा आकडा खरोखरच आला नाही. सगळ्या लंकांना निरोप गेला: आकडा आलेला नाही, स्वतः नदी बघा. खात्यातला कुणी अधिकारी फोनवर खूप बोलला, आपलं यंत्र बंद पडलंय हे जगाला सांगायची काय गरज होती म्हणून. वेणी उभ्यानं ऐकत राहिली. बूरुगुलंकेत माणसं उठून काठावर गेली. पाणी काही चढलेलं नव्हतं. पंडु म्हणाला, "दहाफुटीनं फुकट चालायला लावलं." पण तोही गेला होता.

अब्बुलु टपरीवर परत बसू लागला, तो ही घटना झाल्यावर. आता तो निरोप वाचतो, पण आधी नदी बघून येतो. त्यासाठी काठाजवळ त्यानं बांबू पुरला होता, त्यावर कोयत्यानं खाचा केल्या होत्या. रोज वेणीला फोन करून आपली खाच सांगतो आणि तिचा आकडा विचारतो. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी दोन्ही जुळेनात. त्याची खाच सांगे नदी चढली. तिचा आकडा सांगे उतरली. वेणीनं प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत तपासला, काही सापडलं नाही. दुपारच्या बसनं ती लंकेवर पोहोचली. बापलेक गुडघाभर चिखलात उतरले आणि बांबू हलवून बघितला. तो गाळात खचला होता.

अब्बुलुनं जाऊन ते स्वतःच पंडुला सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी, असं तो म्हणाला.

आता खाचा एका जुन्या नारळाच्या खोडावर आहेत, रंग लावून. पण परवा वेणी जिन्यात उभ्यानं जेवताना म्हणाली, "पिन्नी, ते झाडही कलायला लागलंय. या रविवारी जाऊन बघून येते."